बंब कशाला आला?

आई सांगलीहून अमेरिकेत माझ्याकडे येऊन तीन आठवडे झाले होते. रात्रीचं जेवण झाल्यावर तिला छातीत जड वाटायला लागलं, घाम फुटला आणि मी 911, म्हणजे इथला आणीबाणीचा नंबर, फिरवला. फोनवरची बाई शांतपणे एकेक प्रश्न विचारत होती. तिचे प्रश्न संपायच्या आत खिडकीवर लाल उजेड पडला. दारात थांबली ती ॲम्ब्युलन्स नव्हती. शिड्या-पाइपांसकट अख्खा बंब होता आणि त्यातून चार माणसं पिशव्या घेऊन उतरली. आई तशाही अवस्थेत मला म्हणाली, "अगं, माझ्या छातीत दुखतंय. घर नाही पेटलं. बंब कशाला बोलावलास?"

ॲम्ब्युलन्स मागोमाग आलीच. तोवर बंबावरच्या पॅरामेडिकने आईच्या अंगाला वायरी लावून ईसीजीची पट्टी काढलीही होती. पुढे निघालं ते पित्त. आई ठणठणीत आहे आणि हा किस्सा सांगलीत सगळ्यांना सांगून झालाय. पण तिच्या प्रश्नाला मला धड उत्तर देता आलं नव्हतं. ज्या काउंटीत मी बारा वर्षं राहते, घर घेतलंय, टॅक्स भरते, तिथला बंब कुणाचा, तो चालवतं कोण, हे मलाही ठाऊक नव्हतं. उत्तर शोधत गेले तेव्हा जे समजलं, त्यावरून एक मत बनलं. ते इथल्या बऱ्याच जुन्या रहिवाशांना आवडणार नाही आणि आपल्या मराठी मंडळींनाही फारसं रुचेल असं वाटत नाही.

ही लाउडन काउंटी. व्हर्जिनिया राज्यात, वॉशिंग्टन शहराच्या पश्चिमेला. काउंटी म्हणजे ढोबळपणे आपला छोटा जिल्हा. 1960 च्या जनगणनेत इथे साडेचोवीस हजार माणसं होती. मुलूख गायींचा आणि घोड्यांचा. 1962 मध्ये डलस विमानतळ सुरू झाला. 1990 साली वस्ती 86 हजार होती, 2000 मध्ये 1 लाख 70 हजार, 2010 मध्ये 3 लाख 12 हजार, 2020 मध्ये 4 लाख 21 हजार. तीस वर्षांत जवळजवळ पाचपट. पूर्वेकडे ॲशबर्न, स्टर्लिंग, साउथ रायडिंग: टाउनहाउसच्या रांगा, मॉल, आणि जगातल्या डेटा सेंटरांचा सगळ्यात दाट गठ्ठा. पश्चिमेकडे ब्लू रिजच्या डोंगरापर्यंत शेतं, तबेले, द्राक्षमळे आणि अजूनही खडीचे असलेले कितीतरी रस्ते. पाचातला एक माणूस आशियाई, त्यात मोठा वाटा भारतीयांचा. ॲशबर्नच्या किराणा दुकानात कांदा-लसूण मसाल्याच्या फळीपाशी उभं राहिलं की सांगली-सातारा-सोलापूर तिन्ही भेटतात.

बंब आधी का आला, तर तो जवळ होता म्हणून. फायर स्टेशनं वस्तीच्या हिशेबाने पेरलेली असतात, आणि बंबावरच्या माणसांना आग विझवण्याइतकंच प्रथमोपचाराचंही शिक्षण असतं. अमेरिकेतल्या अग्निशमन दलांना येणाऱ्या कॉलपैकी दोन-तृतीयांशाच्या आसपास कॉल आजारपणाचे आणि दुखापतींचे असतात. खरोखरची आग शंभरात चारेक वेळा. उरलेलं म्हणजे विनाकारण वाजलेले अलार्म, गॅसचा वास, गाडीच्या पत्र्यात अडकलेला माणूस, लिफ्ट, पुराच्या पाण्यातून रस्ता ओलांडायची हौस. (विनाकारण वाजलेल्या अलार्मात आपल्या फोडणीचा वाटा किती, याची नोंद कुणी ठेवत नसावं. ठेवली तर तोंड लपवावं लागेल.) हृदय बंद पडलेल्या माणसाला छातीवर दाब मिळाला नाही तर दर मिनिटाला त्याची जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. तेव्हा अशा वेळी कुठली गाडी आली हे गौण. छातीवर दाब द्यायला शिकलेले हात किती मिनिटांत पोहोचले, एवढंच महत्त्वाचं.

इथल्या खात्याच्या नावात 'फायर' आणि 'रेस्क्यू' असे दोन शब्द आहेत, आणि दुसऱ्या शब्दाचं माहेर व्हर्जिनियाच आहे. 1909 साली रोआनोक शहरात नऊ वर्षांच्या एका मुलाने नदीत दोन माणसं बुडताना पाहिली. काठावर माणसं होती, पण त्यांना काढायचं कसं हे कुणालाच माहीत नव्हतं. हा मुलगा ज्युलियन स्टॅन्ली वाइज. मोठेपणी रेल्वेत लागला आणि 1928 मध्ये बरोबरीच्या माणसांना घेऊन त्याने जीवरक्षक पथक काढलं. देशातलं पहिलं स्वतंत्र स्वयंसेवी रेस्क्यू स्क्वॉड म्हणून ते ओळखलं जातं. आग विझवणाऱ्या स्वयंसेवी कंपन्या त्याआधीच्या. त्यांची वंशावळ बेंजामिन फ्रँकलिनने 1736 मध्ये फिलाडेल्फियात काढलेल्या युनियन फायर कंपनीपर्यंत नेतात. त्यामुळे व्हर्जिनियातल्या गावांत फायर कंपनी एक आणि रेस्क्यू स्क्वॉड दुसरं, अशी दोन वेगळी बिऱ्हाडं बरेचदा दिसतात. लाउडनमध्ये लीसबर्ग, स्टर्लिंग, पर्सेलव्हिल इथे अजून तशीच आहेत. 'कंपनी' म्हणजे इथे धंदा नव्हे. गावकऱ्यांनी मिळून उभी केलेली संस्था. इमारत त्यांची, गाड्या त्यांच्या, बिंगोच्या रात्री आणि पॅनकेकच्या न्याहाऱ्या ठेवून पैसे गोळा करणारेही तेच. डिसेंबरात सांताक्लॉजला बंबावर बसवून गल्लीबोळांतून फिरवतात. माझ्या मुलीला हे खातं पहिल्यांदा समजलं ते त्या बंबावरून.

पुढे वस्ती वाढली तसे काउंटीने पगारी जवान घ्यायला सुरुवात केली. काही स्टेशनांत पगारी, काही ठिकाणी स्वयंसेवक, बऱ्याच ठिकाणी दोन्ही एकाच छपराखाली. कुणाचं कुणी ऐकायचं यावरून वर्षानुवर्षं धुसफूस चालली, ते ओघाने आलंच. शेवटी 2014 मध्ये काउंटीच्या निवडून आलेल्या मंडळाने, म्हणजे बोर्ड ऑफ सुपरवायझर्सने, ठराव करून सगळ्यांची एकच संयुक्त व्यवस्था केली आणि वर एक प्रमुख नेमला. त्या रात्री आमच्याकडे आलेल्या बंबावरचे पगारी होते की स्वयंसेवक, हे मला कळलंही नाही. गणवेश सारखाच, काम सारखंच.

आता मताकडे येते. इथल्या दर निवडणुकीत, दर बजेटच्या वेळी एक वाक्य ऐकू येतं: स्वयंसेवक काउंटीचे लाखो डॉलर वाचवतात. कौतुकाने म्हणतात, आणि हिशेबाने ते खरंही आहे. मला त्या वाक्यातच दुखणं दिसतं. स्वयंसेवकाला आपण एकदा 'बचत' या खात्यावर मांडलं की तो कमी झाला म्हणजे तोटा होतो. मग तो तोटा लपवायला जे आहेत त्यांच्यावर आणखी पाळ्या लादल्या जातात, आणि रात्री दोन वाजता ज्या स्टेशनात चार माणसं हवीत तिथे दोन असतात. वाढत्या काउंटीने मिनिटांची किंमत टॅक्समधून रोख मोजावी. स्वयंसेवकाकडून पैसे वाचवून घेऊ नयेत. त्याच्याकडून जे घ्यायचं ते वेगळंच आहे, त्याकडे येईनच.

स्वयंसेवक घटतात यावर जुनी माणसं म्हणतात, "नव्या लोकांना गावाचं काही पडलेलं नाही." देशभरचे आकडे पाहा. 1984 मध्ये अमेरिकेत 8 लाख 97 हजार स्वयंसेवी जवान होते, 2020 मध्ये 6 लाख 77 हजार. 1980 पासूनच्या चाळीस वर्षांत दलांना येणारे कॉल मात्र तिपटीहून वाढले. सगळ्या देशातलीच माणसं एकदम स्वार्थी झाली, असं मानायचं का? पूर्वीचा स्वयंसेवक गावातच कामाला असे. सायरन वाजला की गॅरेजवाला हातातला पाना टाकून धावे, शेतकरी ट्रॅक्टर बांधावर सोडे. आजचा माणूस सकाळी सहाला वॉशिंग्टनच्या रस्त्याला लागतो आणि संध्याकाळी सातला परततो. दिवसा गावात असतात ती म्हातारी माणसं आणि मुलं, म्हणजे ज्यांना ॲम्ब्युलन्स लागते ती. शिवाय पूर्वी गमबूट आणि हिंमत पुरायची. आता ॲम्ब्युलन्सवर बसायचं तर ईएमटीचा, म्हणजे आणीबाणीत उपचार करणाऱ्याचा, दीडशे तासांहून मोठा अभ्यासक्रम, परीक्षा, दर काही वर्षांनी उजळणी. आगीत शिरायचं तर त्याहून जास्त. नवरा-बायको दोघं नोकरीला, मुलांचे क्लास चार दिशांना. तास उरतात किती?

त्यात घरांच्या किमती. लाउडनमधलं सर्वसाधारण घर सात लाख डॉलरच्या पुढे गेलंय. पूर्वी स्टेशनात रात्री झोपायला येणारा विशीतला पोरगा याच गावातला असायचा. आता त्याला इथे खोली परवडत नाही. पगारी जवानांचीही तीच गत. कितीतरी जण काउंटीबाहेरून, डोंगरापलीकडून गाडी हाकत ड्यूटीवर येतात. आपल्या घराची किंमत वाढली म्हणून आपण पेढे वाटतो, आणि ते घर पेटलं तर विझवणारा चाळीस मैल लांब राहायला जातो. दोन्ही गोष्टी एकाच बाजारभावाने घडतात.

मिनिटं का महाग झाली, तेही सांगायला हवं. अमेरिकेत संशोधकांनी दोन खोल्या शेजारी-शेजारी पेटवून पाहिल्या. एकीत जुन्या पद्धतीचं लाकडी, सुती सामान आणि दुसरीत आजचं फोम-प्लॅस्टिकचं. जुनी खोली पूर्ण भडकायला अर्ध्या तासाच्या आसपास लागलं. नवी पाच मिनिटांच्या आत. आपण ज्या सोफ्यावर लोळून टीव्ही पाहतो त्याला इथले जवान 'घट्ट पेट्रोल' म्हणतात. नव्या घरांच्या जमिनीखालच्या तुळया भरीव लाकडाच्या नसतात. पातळ फळ्या चिकटवून केलेल्या असतात. वजन छान पेलतात, पण आगीत फार लवकर दगा देतात, आणि वर उभा असलेला जवान जमिनीसकट तळघरात जातो. म्हणजे घर जितकं नवं तितकं लवकर पोहोचायला हवं. आणि आपली लाउडनमधली घरं सगळी नवीच आहेत.

'लवकर' म्हणजे किती, याची मोजमापं ठरलेली आहेत, आणि इथे मला एक गोष्ट खुपते. पगारी दलांसाठीचं राष्ट्रीय मानक सांगतं की स्टेशनातून निघाल्यापासून पहिला बंब चार मिनिटांत पोहोचावा, त्यावर चार माणसं असावीत, आणि शंभरात नव्वद वेळा हे साधावं. मुख्यत्वे स्वयंसेवकांवर चालणाऱ्या दलांसाठी मानकच वेगळं. विरळ वस्तीत चौदा मिनिटांत सहा माणसं जमावीत, शंभरात ऐंशी वेळा. दोन्ही मानकं आपापल्या जागी शहाणी आहेत. पण एकाच काउंटीत, एकाच टॅक्सच्या दरात, दोन घड्याळं चालतात. ॲशबर्नमधला सोफा आणि डोंगराखालच्या फार्महाउसमधला सोफा एकाच दुकानातून आलेला असतो. तो काही गाव बघून हळू जळत नाही.

पश्चिमेकडे बहुतेक ठिकाणी हायड्रंटही नाहीत. पूर्वेला रस्त्याकडेच्या खांबाला पाइप जोडला की पाणी येतं. तिकडे पाणी बरोबर न्यावं लागतं. दोन-तीन हजार गॅलनचे टँकर एकामागून एक येतात, रस्त्यावर घडीचा हौद उघडून त्यात पाणी ओततात आणि पुन्हा भरायला तळ्याकडे पळतात. बंब हौदातून पाणी ओढत राहतो. टँकरची फेरी चुकली की पाइप कोरडा. मराठवाड्यात ज्यांनी हंडे घेऊन टँकरची वाट पाहिली आहे त्यांना ही गोष्ट समजावून सांगायची गरज नाही. फरक एवढाच की इथे वाट पाहायला पाच मिनिटंही नसतात. हे काम माणसं खातं. एका घराच्या आगीला इकडे जितक्या गाड्या लागतात, त्याहून तिकडे कितीतरी जास्त. ती माणसं मंगळवारी सकाळी अकरा वाजता आणायची कुठून?

आणि पूर्वेकडचे सुरक्षित आहेत अशातलाही भाग नाही. 16 फेब्रुवारी 2024 च्या संध्याकाळी स्टर्लिंगमधल्या एका घरातून गॅसच्या वासाचा कॉल आला. असे कॉल इथे नेहमीचेच. अंगणात पुरलेल्या प्रोपेनच्या टाकीतून गळती होत होती. जवान आत तपास करत असताना घर फुटलं. घर उरलंच नाही. स्टर्लिंग व्हॉलंटियर फायर कंपनीचा एक जवान गेला, दहाहून अधिक माणसं जखमी झाली. त्यात स्वयंसेवकही होते आणि पगारीही. गेलेला जवान स्वयंसेवक होता. त्या रात्री शुक्रवार होता. आपण कुठे असतो शुक्रवारी संध्याकाळी? मी तर पोळ्या लाटत होते आणि आवाज कसला म्हणून क्षणभर थांबले होते.

ज्या माणसाने तिथे जीव दिला त्याला 'बचत' म्हणायचं?

पैशाचं म्हणाल तर लाउडनला रडगाणं शोभत नाही. देशातल्या सर्वांत जास्त उत्पन्नाच्या काउंट्यांत आपलं नाव वर्षानुवर्षं अगदी वर असतं. डेटा सेंटरांतल्या यंत्रांवरच्या टॅक्सने काउंटीची तिजोरी अशी भरली की घरपट्टीचा दर उतरत गेला. 2013 मध्ये शंभर डॉलरच्या किमतीमागे 1.205 डॉलर होता, 2024 मध्ये 0.865. घरांच्या किमती वाढल्यामुळे प्रत्यक्ष बिल तितकं उतरलं नाही, ही तक्रार खरी आहे आणि मीही ती करते. तरीही दर उतरवताना जो आनंद दिसतो त्यातला थोडा बाजूला ठेवून पश्चिमेच्या स्टेशनांत चोवीस तास चार पगारी माणसं बसवता येतील. शिवाय ही डेटा सेंटरं स्वतःच दलापुढचं नवं कोडं आहेत. आत बॅटऱ्यांच्या खोल्या, बाहेर डिझेल जनरेटरांच्या रांगा, आणि पाण्याने न विझणाऱ्या किंवा विझूनही पुन्हा पेटणाऱ्या आगींची शक्यता. त्यांच्याकडून मिळणारा पैसा त्यांच्यासाठी लागणाऱ्या तयारीत आधी जावा, यात वाद का असावा?

इमारतींचं तुलनेने सोपं आहे. व्हर्जिनियात बिल्डर जमिनीचा वापर बदलून मागतो तेव्हा त्याच्याकडून रस्ते, शाळा, फायर स्टेशन यांसाठी जागा किंवा पैसे कबूल करून घ्यायची पद्धत आहे. 2016 मध्ये कायदा करून राज्याने त्यावर बंधनं घातली, पण सार्वजनिक सुरक्षेच्या इमारतींसाठी मागायची वाट मोकळी ठेवली. तेव्हा जागा मिळते, स्टेशनही उभं राहतं. फीत कापताना फोटो चांगला येतो. पण बिल्डरचा पैसा एकदाचा, आणि जवानाचा पगार तीस वर्षांचा, त्यापुढे पेन्शन. एका खुर्चीवर चोवीस तास माणूस ठेवायचा तर तीन पाळ्या, त्यावर रजा, आजारपण, प्रशिक्षण धरून चारेक माणसं नेमावी लागतात. चार खुर्च्यांच्या एका बंबाला पंधरा-सोळा. हे गणित फीत कापणाऱ्यांच्या भाषणात कधीच नसतं.

"पगारी माणसं आली की स्वयंसेवक निघून जातात", असा उलटा मुद्दा मांडला जातो. त्यात तथ्य आहे. ज्या घरात आपल्या हाताला काम नाही तिथे माणूस रमत नाही. पण म्हणून पगारी माणसं आणायचीच नाहीत, हा उपाय रोगाहून वाईट. रात्री-दिवसाची किमान फळी पगारी ठेवा, आणि स्वयंसेवकाला त्या फळीवरचा पाचवा, सहावा माणूस होऊ द्या. त्याच्या न येण्याने कुणाचा जीव जाणार नाही असं झालं तरच तो अपराधी न वाटता येईल. पाळी चुकली म्हणून रात्रभर तळमळणारा बँकेतला कारकून फार दिवस टिकत नाही.

मग स्वयंसेवक हवा कशाला? आमच्याच घरातली ती रात्र आठवते. आईला इंग्रजी समजतं पण बोलायची भीती वाटते. "दुखणं कसं आहे, दाबल्यासारखं की टोचल्यासारखं?" असं पॅरामेडिकने विचारलं तेव्हा तिने नुसती मान हलवली. मी दुभाषी झाले. मी घरी नसते तर? या काउंटीत आता अशा कितीतरी आया, सासवा, सासरे सहा-सहा महिने येऊन राहतात, दिवसभर नातवंडांबरोबर एकटे असतात. त्यांना 911 लावायचा असतो हे तरी आपण सांगितलंय का? फोनवर बोलता आलं नाही तरी लाइन तोडायची नाही, आपल्यासारखं गाव-गल्ली सांगत न बसता घर नंबर आणि रस्ता सांगायचा, हे? बंबावरच्या चार माणसांत एक जण तेलुगू, हिंदी, मराठी, उर्दू, स्पॅनिश बोलणारा असेल तर पहिली दोन मिनिटं वाचतात. ही गोष्ट कितीही पगार देऊन पटकन विकत आणता येत नाही. ती शेजारच्या घरातूनच यावी लागते. स्वयंसेवकाकडून घ्यायचं ते हे.

इथे आपल्या मंडळींविषयी बोलावंच लागेल. आम्ही दानशूर आहोत, यात शंका नाही. देवळाच्या बांधकामाला, गणेशोत्सवाच्या महाप्रसादाला, गावाकडच्या शाळेच्या खोल्यांना चेक लिहिताना हात आखडत नाही. पण स्टेशनासमोरचा 'स्वयंसेवक हवेत' हा फलक आम्ही हिरव्या सिग्नलसाठी थांबल्यावर वाचतो आणि सिग्नल सुटला की विसरतो. मी बारा वर्षं वाचत होते. यामागे वाईटपणा नाही, सवय आहे. आपल्याकडे बंब नगरपालिकेचा, ॲम्ब्युलन्स सरकारी दवाखान्याची. आपण फोन करायचा आणि उशीर झाला की शिव्या घालायच्या. आपल्याकडचा जवान शूर नाही असं कोण म्हणेल? 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाज फुटलं, तेव्हा अग्निशमन दलाचे 66 जण गेले. 14 एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात तो त्यांच्यासाठी. पण ते शौर्य नेहमी दुसऱ्याचं. त्यात आपल्या गल्लीचा हात असावा, हा विचार आपल्याला शिवलेला नाही.

एक गोष्ट मात्र इथली तिकडे नेण्याजोगी आहे, आणि ती पैशाची नाही. लाउडनमध्ये शहर, गाव, शेत सगळं एकाच खात्याच्या हद्दीत. भारतीय राज्यघटनेच्या बाराव्या परिशिष्टात, म्हणजे नगरपालिकांच्या कामांच्या यादीत, अग्निशमन सेवा आहे. पंचायतींच्या अकराव्या परिशिष्टात ती नाही. यादीतली ही फट पुण्याच्या आसपास उघड्या डोळ्यांनी दिसते. महापालिकेची हद्द संपते तिथून पुढे ग्रामपंचायतीच्या जमिनीवर वीस-वीस मजली टॉवर उभे राहतात. 2015 मध्ये प्रदेश विकास प्राधिकरण आलं, त्याने स्वतःचं अग्निशमन दल काढलं, हे चांगलंच झालं. पण वाढ आधी आणि बंब नंतर, हा क्रम सुटलेला नाही. आजारपणासाठी 108, आगीसाठी 101, आता सगळ्यांसाठी 112. नंबर एकत्र आले तरी त्यामागची खाती वेगळीच. आईच्या छातीत दुखतंय म्हणून सांगलीत बंब येईल, ही कल्पना आजही विनोदाची वाटते. पण सर्वांत जवळची शिकलेली माणसं जर बंबावरचीच असतील, तर तो का येऊ नये?

गेल्या वर्षी आमच्या गणेशोत्सवाच्या बैठकीत मी विषय काढला. इथला उत्सव शाळेच्या सभागृहात होतो, आत किती माणसं बसवायची, निर्गमनाची दारं मोकळी ठेवायची की नाही, हे फायर मार्शलच्या नियमांनी ठरतं. त्यामुळे दलाशी आमचा पत्रव्यवहार असतोच. मी म्हटलं, परवानगीच्या पत्राला जोडून आणखी एक विनंती करू. आरती आणि महाप्रसाद यांच्या मधल्या वेळात त्यांच्यातल्या कुणाला बोलावून छातीवर दाब कसा द्यायचा ते सगळ्यांना शिकवू, आजी-आजोबांना 911 लावायला शिकवू. आणि पंचवीस-तीस जणांच्या कार्यकारिणीतून दोघांनी तरी ईएमटीच्या वर्गाला नाव घालावं. ज्यांना रक्त पाहवत नाही त्यांच्यासाठीही काम आहे. हिशेब, संगणक, निधी गोळा करणं, गाड्यांच्या देखभालीच्या नोंदी. या गोष्टी आपल्याहून बऱ्या कुणाला जमतात?

पहिला भाग लगेच मंजूर झाला. दुसऱ्यावर थोडा वेळ शांतता होती. मग एका काकांनी विचारलं, वर्ग आठवड्यातून किती वेळा असतो. दोन संध्याकाळी आणि काही शनिवार, मी सांगितलं. ते म्हणाले, "शनिवारी ढोल-ताशाची प्रॅक्टिस असते." ते खरंच असतं, ढोल मीही वाजवते. मी त्यांना म्हटलं, प्रॅक्टिस रविवारी करू. यावर सगळे एकदम बोलायला लागले.

प्रॅक्टिस आता रविवारी आहे. नावं आत्तापर्यंत दोन आली आहेत, त्यातलं एक माझं.